चव्वेचाळीस टक्के ओल

१

कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि थोरल्याचे हात तिथेच थबकले.

"आत्या, इकडे ये जरा."

आवाज इतका बारीक निघाला, की आत्याला आधी वाटलं, याची कंबर लचकली. ती पलंगाला वळसा घालून गेली.

कपाटामागची भिंत काळी होती. नुसते डाग म्हणून भागलं नसतं. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत बुरशी चढली होती, मखमलीसारखी दाट, कडेकडेने हिरवट. कपाटाची पाठ फुगली होती आणि तिचे पापुद्रे सुटले होते. इतके दिवस दाबून ठेवलेला कुबट वास एकदम अंगावर आला.

या भिंतीपासून दोन हातांवर उशी घेऊन थोरल्याची आई, म्हणजे आत्याची वहिनी, कित्येक महिने झोपत होती. तिची फुप्फुसं आधीच अर्धीअधिक निकामी झालेली. चार दिवसांपूर्वी ती गेली. छातीत जंतुसंसर्ग झाला आणि तो काही केल्या हटला नाही. छातीचे डॉक्टर दर खेपेला एकच विचारत, "खोलीत ओल नाही ना?" आणि घरातलं कुणी ना कुणी दर खेपेला छाती ठोकून सांगे, "नाही डॉक्टर. ओल शोषणारं मशीन लावलंय. आकडा पंचेचाळीसच्या वर जात नाही."

ते मशीन पलंगाच्या उशाशी, कोपऱ्यात उभं होतं. पांढरं, गुडघ्याच्या वर येईल एवढं. त्याच्यावर हिरवा आकडा लुकलुकत होता: ४४. मशीन गप्प होतं. पन्नासच्या खाली हवा कोरडी झाली की ते आपोआप थांबे, आणि ओल वाढली की घरघरत सुरू होई.

नेमक्या त्याच वेळी सिस्टर दारात आल्या. शेवटचे आठ महिने वहिनीची सगळी सेवा त्यांनी केली होती. आज आपली पिशवी आणि चपला न्यायला आल्या होत्या. थोरल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा तोल गेला.

"हे बघा! बघा डोळे उघडून! झोप मोडते म्हणून मशीन बंद ठेवत होता ना तुम्ही? आम्ही येणार म्हटलं की चालू करायचं!"

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही हो साहेब. मी मशीनच्या बटणाला कधी हात लावला नाही. टाकी भरली की ओतायची, एवढंच माझं काम."

"मग ही भिंत काय एका रात्रीत काळी झाली? माझ्या आईला मारलंत तुम्ही. तुमच्या संस्थेत कळवतो. परत कुणाच्या घरी पाऊल ठेवता येणार नाही तुम्हाला."

पिशवी तिथेच टाकून सिस्टर बाहेर पडल्या.

थोरल्याने खिशातून फोन काढला. आत्याने त्याचं मनगट धरलं. तिची बोटं अजून चिमट्यासारखी होती.

"संस्थेला नंतर कळव. मला दोन दिवस दे."

"कशाला? सगळं डोळ्यांसमोर आहे!"

"डोळ्यांसमोर दोन गोष्टी आहेत," आत्या म्हणाली. "भिंत म्हणते ओल आहे. मशीन म्हणतं नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. आधी ते कोण, हे बघू."

२

आत्याला सगळं घर 'काटा आत्या' म्हणे. तिचा सगळा जन्म वजनमापं तपासण्याच्या नोकरीत गेला होता. दुकानात शिरायचं, पिशवीतून प्रमाण वजन काढायचं आणि तराजूच्या पारड्यात ठेवायचं. तराजू खरा की खोटा, ते लगेच कळतं. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, दांडीला लावलेलं मेण, गिऱ्हाइकाचं लक्ष नसताना टेकवलेला अंगठा, सगळे प्रकार तिने पाहिले होते. मापात पाप कसं असतं, हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

पण हवेतल्या ओलीचं प्रमाण वजन कुठून आणायचं?

संध्याकाळी ती घड्याळाच्या दुकानातून ओल मोजणारे तीन छोटे मापक घेऊन आली. तळहातात मावतील एवढे गोल. टेबलावर ठेवले, तर एक म्हणाला अडुसष्ट, दुसरा त्र्याहत्तर, तिसरा चौऱ्याहत्तर.

"बघ," धाकटी खिन्नपणे म्हणाली. "तिघांची तीन तोंडं. कुणाचं खरं मानायचं?" धाकटी म्हणजे वहिनीची मुलगी, थोरल्याची बहीण. आईसाठी मशीन तिनेच निवडून आणलं होतं, आणि भिंत पाहिल्यापासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"कुणाचंच नाही. आधी तिघांची परीक्षा. मीठ दे."

"मीठ?"

"साधं, स्वयंपाकाचं."

आत्याने बाटलीच्या बुचात मीठ भरलं, त्यावर थेंबथेंब पाणी टाकलं. मीठ विरघळून जाता कामा नये. ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. ते बूच आणि तिन्ही मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून तिने डबा बंद केला.

"बंद डब्यात असं ओलं मीठ ठेवलं की आतली हवा पंचाहत्तर टक्के ओल धरते," ती म्हणाली. "मिठाचा स्वभावच तो. ना जास्त, ना कमी. रात्रभर राहू दे. सकाळी जो पंचाहत्तर सांगेल तो शहाणा, आणि जो चुकेल त्याची चूक केवढी ते आपल्याला कळेल."

दादा जेवायला आला. आत्याचा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा. पन्नास वर्षांचा संसार संपला होता आणि माणूस कपड्यांच्या आत आक्रसल्यासारखा दिसत होता. त्याने खिडकीतल्या छोट्या डबीचं झाकण फिरवलं, आतलं ऐकायचं यंत्र काढलं, कानामागे अडकवलं आणि खाली मान घालून बसला.

"बाबा, आत्या मशीन तपासतेय," धाकटी मोठ्याने म्हणाली.

दादाने नुसती मान हलवली. ताटातलं तसंच राहिलं.

सकाळी आत्याने सगळ्यांना बोलावून डबा समोर धरला. दोन मापक पंचाहत्तरच्या आसपास होते. आदल्या दिवशी अडुसष्ट सांगणारा एकोणसत्तरवर अडून बसला होता. त्याला तिने बाजूला ठेवलं. उरलेले दोन वहिनीच्या खोलीत नेऊन मशीनच्या डोक्यावर ठेवले, दार लावून घेतलं, आणि तासाभराने उघडलं.

दोघांनी एकमुखाने सांगितलं, त्र्याहत्तर.

खाली मशीनचा हिरवा आकडा शांतपणे लुकलुकत होता. ४४.

मग धाकटीच्या तोंडून शब्द फुटले. "म्हणजे सिस्टरांचा काही दोष नाही. मशीनच खोटं होतं. आणि ते मी आणलं." तिने पलंगाची कड धरली. "आई म्हणायची, छाती जड झालीय. आणि मी म्हणायचे, आई, हवा कोरडी आहे, आकडा बघ. तिच्यापेक्षा मी आकड्यावर विश्वास ठेवला."

थोरल्याने काल सिस्टरांवर ओरडताना केलं होतं तसं तोंड उघडलं, पण शब्द गिळला. बहिणीकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, ती आत्याला शब्दांहून वाईट वाटली.

दारात उभा असलेला दादा मुलीचं रडणं बघत राहिला. मग भिंतीला हात टेकत टेकत निघून गेला.

३

सिस्टर अरुंद जिन्याच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. आत्या तिथे पोचली तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या; आत या म्हणाल्या नाहीत.

"संस्थेतून फोन येईल म्हणून बसून आहे," त्या म्हणाल्या.

"फोन गेलेला नाही. तुमची पिशवी आणली आहे. मशीन बंद नव्हतं, ते खोटा आकडा दाखवत होतं, एवढं आता कळलंय. पण मला अजून विचारायचं आहे. बसू का?"

सिस्टर बाजूला झाल्या. आत एकच खुर्ची होती, ती त्यांनी आत्याला दिली.

"मशीन सुरुवातीपासून असंच गप्प असायचं?"

"नाही ताई. आधी दिवसरात्र घरघरायचं. मी दिवसातून दोनदा टाकी ओतायची. मग हवा ओली व्हायला लागली, खरं तर तेव्हा ते जास्त चालायला हवं, तर उलट थांबायला लागलं. टाकी कोरडी. पण आकडा चव्वेचाळीस, पंचेचाळीस. मला वाटलं, खोली सुकली असेल. कधीमधी दुपारी आपलं आपण सुरू व्हायचं. संध्याकाळपर्यंत परत गप्प."

"तुम्ही त्याची मागची बाजू कधी पाहिलीत?"

"मागे काकांची आरामखुर्ची. ते तिथून उठायचेच नाहीत. रात्रीसुद्धा तिथेच. मला म्हणायचे, सिस्टर, तुम्ही बाहेरच्या खोलीत पाठ टेका, मी आहे. मी म्हणायची, काका, निदान कानातलं तरी काढून झोपा, टोचेल. तर नाही. रात्रभर कानात." सिस्टरांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली. "फार जीव होता हो त्यांचा."

"वास नाही आला कधी तुम्हाला?"

सिस्टरांनी मान खाली घातली. "आला. एकदा साहेबांना म्हटलं मी, खोलीत कुबट वास येतो. ते म्हणाले, आकडा बघा ना. मी परत नाही बोलले. बोलायला हवं होतं."

आत्या जिना उतरली तेव्हा तिच्या मनात एकच वाक्य घोळत होतं: कधीमधी दुपारी आपलं आपण सुरू व्हायचं. बिघडलेलं यंत्र असं वागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादाच्या घरात शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. वहिनीच्या खोलीतून आवाज येत होता. संथ, एकसुरी घरघर.

मशीन चालू होतं. हिरवा आकडा सांगत होता: ७२. आणि त्याच्या डोक्यावरचे दोन्ही मापकही बहात्तरच सांगत होते.

रातोरात मशीन खरं बोलायला लागलं होतं.

४

"बिघाड होता, गेला असेल," थोरला म्हणाला. "वायर-बियर हलली असेल."

आत्याने मान हलवली. "माझ्या आख्ख्या नोकरीत आपलं आपण सुधारलेलं माप मी पाहिलं नाही. खोटा तराजू रोज खोटा असतो. काल खोटा आणि आज खरा असेल, तर समज, काल त्याच्यावर कुणाचा तरी हात होता आणि आज तो काढलाय."

तिने आरामखुर्ची सरकवून मशीन पुढे ओढलं. मागच्या बाजूला, हाताच्या पंजाएवढ्या उंचीवर, बारीक फटींची जाळी होती. हवेतली ओल मोजणारा सेन्सर त्या जाळीआड होता. जाळीभोवती चौकोनी रेघ उमटली होती. मलमपट्टीला लावतात तसल्या कापडी चिकटपट्टीचा डिंक, आणि त्यावर बसलेली धूळ.

"दवाखान्यातली चिकटपट्टी!" थोरला उसळला. "म्हणजे सिस्टरच ना!"

"पट्टी उशाच्या खणात असते, कुणीही घेईल. आणि लावली कुणी ते सोड, काढली कुणी ते सांग. काल आम्ही दार लावलं तेव्हा आकडा चव्वेचाळीस होता. सिस्टर परवापासून या घरात आलेल्या नाहीत."

घरात राहिलेली माणसं तीन: थोरला, त्याची बहीण आणि बाप. ते त्यालाही मोजता येत होतं.

आत्याने गुडघे टेकले आणि फरशीवरून बोट फिरवलं. जाळीच्या खाली, भिंतीच्या कडेला तिला एक दाणा सापडला. मोहरीहून थोडा मोठा, काचेसारखा, फिकट गुलाबी.

"तुझ्या माळेतला?" तिने धाकटीला विचारलं.

"मी कुठे माळ घालते? आणि याला भोक कुठाय?"

खरंच नव्हतं. आत्याने दाणा उजेडात धरला आणि तिला ओळख पटली. तिच्या कचेरीत नाजूक तराजू काचेच्या पेटीत ठेवत, आणि तराजूला ओल बाधू नये म्हणून पेटीत एका वाटीत असे दाणे ठेवत. कोरडे असले की निळे. ओल पिऊन पोट भरलं की गुलाबी.

ती स्वयंपाकघरात गेली, तवा तापवला, आच बारीक केली आणि दाणा त्यावर ठेवला. दोन्ही मुलं तिच्या खांद्यावरून बघत होती. दाण्याचा गुलाबी रंग हळूहळू काळवंडला, जांभळा झाला, आणि शेवटी शाईसारखा गर्द निळा.

"ओल शोषणारे दाणे," आत्या म्हणाली. "अशा दाण्यांची पुरचुंडी सेन्सरवर चिकटवली, की सेन्सरपुढची चिमूटभर हवा कोरडी. मशीनला वाटतं, खोली कोरडी. ते थांबतं. दाण्यांचं पोट भरलं की दुपारी कधीतरी पुन्हा सुरू होतं. मग कुणीतरी पुरचुंडी बदलतं. मशीन सच्चं होतं. त्याच्या नाकावर कुणीतरी रुमाल धरला होता."

धाकटीने भावाकडे पाहिलं. "तुझ्या कॅमेऱ्याच्या पेटीत असतात ना अशा पुड्या?"

थोरला गेला आणि पेटी घेऊन आला. त्याने पुड्या तव्याशेजारी ओतल्या. "बघ, आत्या. मोजून घे हवं तर."

पुड्या कागदी होत्या, शिवलेल्या, एकही फुटलेली नाही. आत्याने एक फाडली. दाणे पांढरे. तव्यावर टाकले, पांढरेच राहिले.

"तुझे नाहीत," ती म्हणाली.

थोरला पेटीवरच बसला. "पण मी काय वेगळं केलं? ऑफिसला जाताना दारातूनच बघायचो. आई कशी आहे हे नाही बघितलं, आकडा बघायचो. चव्वेचाळीस दिसला की सुटल्यासारखं वाटायचं."

आत्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचं लक्ष मात्र त्याच्याकडे नव्हतं. रात्री यंत्र काढून झोपावं, तर एक माणूस रात्रभर यंत्र कानात ठेवतो. कशासाठी? आणि यंत्र कानातच असेल, तर ते कोरडं ठेवायच्या डबीत रात्रभर काय असतं?

ती खिडकीशी गेली. दादाची डबी तिथे होती. तिने झाकण फिरवलं. तळाशी निळे दाणे होते, आणि डबी अर्ध्याहून जास्त रिकामी होती.

तिने झाकण पुन्हा घट्ट लावलं. मुलं तव्याशी होती. त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

५

दादा मागच्या अंगणात, पायरीवर बसला होता. आत्या जाऊन शेजारी बसली. लहानपणी दोघं अशीच बसत. तो मोठा म्हणून वरच्या पायरीवर, ती खालच्या.

येताना तिच्या मनात आलं होतं, गप्प बसावं. मशीनमध्ये कारखान्यातलाच दोष होता, मधूनच बिघडायचं, एवढं म्हटलं की झालं. सिस्टर सुटतील. दादा सुटेल. झाकली मूठ. पण मग धाकटी जन्मभर म्हणत राहील, ते खोटं मशीन मी आणलं. खोट्या मापाने कुणाचं तरी भरतं तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात कमी पडतंच. हे तिने लोकांना इतकी वर्षं सांगितलं होतं. आज ते स्वतःला ऐकवायची पाळी आली होती.

"दादा, मी तव्यावर दाणा भाजला," ती म्हणाली.

दादाने खिशात हात घातला आणि मूठ तिच्यापुढे उघडली. पातळ फडक्याची छोटी पुरचुंडी, चिकटपट्टीचे चार तुकडे अजून तिला लटकलेले. दाणे आतून गुलाबी दिसत होते.

"ती गेल्यावरही सवयीने बदलत राहिलो. काल काढली," तो म्हणाला. "पोरगी रडत होती ना. म्हटलं, मशीन खरं बोलायला लागलं की तिच्यावरचा बोल तरी जाईल. बोलायचं धाडस नाही झालं. थोरला सिस्टरांना बोलत होता तेव्हा मी कानातलं काढून ठेवलं होतं. ऐकायलाच नको म्हणून. असा मी."

"का केलंस?"

दादाने लटकलेला एक तुकडा ओढून काढला.

"तिचा श्वास मध्येच थांबायचा. झोपेत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थांबला तर हलवून जागं करा. आता मला कानात यंत्र असल्याशिवाय काही ऐकू येत नाही. आणि यंत्र घातलं की आधी ऐकू येते ती त्या मशीनची घरघर. सगळीकडे तीच. तिचा श्वास त्यात बुडून जायचा. मी अंधारात तिच्या नाकाशी बोट धरून बसायचो. बोटाला कळतंय की नाही, तेही कळायचं नाही. बंद केलं असतं तर आकडा विझला असता, मुलांनी परत चालू केलं असतं; त्यांचंही बरोबर होतं. मग एकदा वाटलं, हे दाणे माझं यंत्र कोरडं ठेवतात, तर..." त्याने पुरचुंडी मुठीत दाबली. "मशीन थांबलं. आणि मला तिचा श्वास ऐकू आला. सूं... सूं... इतक्या दिवसांनी. थांबला की मी खांदा हलवायचो. ती घ्यायची परत. किती वेळा घेतला असेल तिने असा! मला वाटलं, मी तिला जगवतोय."

"आणि ओल?"

"आकडा बघितला की विसरायचो. मीच केलेला खोटा आकडा, आणि मीच त्यावर विश्वास ठेवायचो. कपाट हलवलं तेव्हा भिंत दिसली." तो तिच्याकडे वळला. "तू तपासणीस आहेस ना? सांग मग. मी तिला जगवली की मारली?"

अंगणात येण्याआधीच आत्याने डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले होते, बुरशीने दिवस कमी केले असतील. किती, ते मी सांगू शकत नाही; कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. रात्री श्वास थांबल्यावर कुणी जागं केलं नसतं, तर त्या आधीच गेल्या असत्या, हेही तितकंच शक्य आहे.

तिने हे सगळं भावाला जसंच्या तसं सांगितलं, काही जोडलं नाही, काही वगळलं नाही.

"याचं माप माझ्याकडे नाही, दादा. कुणाकडेच नाही. पण दोन गोष्टींचं आहे. पोरीने काही केलं नाही. सिस्टरांनी काही केलं नाही. हे तुझ्या तोंडून व्हायला हवं."

दादा उठला. उठताना त्याने बहिणीच्या खांद्याचा आधार घेतला, आणि आत गेला. आत्या पायरीवरच बसून राहिली. आतून आधी त्याचा आवाज आला, मग धाकटीचा हुंदका, आणि "बाबा, बाबा" असं थोरल्याचं, लहान असताना पडल्यावर हाक मारायचा तसं.

६

त्याच दुपारी ते चौघं तो अरुंद जिना चढले. दादाला दोनदा थांबावं लागलं.

सिस्टरांनी दार उघडलं. दादाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. कुठेही 'जाऊ द्या काका' म्हणाल्या नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी दादाकडे पाहिलंच नाही, थोरल्याकडे पाहिलं.

"तुम्ही मला म्हणालात, आईला मारलंत. ते काकांनी परत घेऊन चालणार नाही."

थोरल्याने हात जोडले. "मी परत घेतो. चूक झाली माझी. तुम्ही वासाचं सांगितलं होतंत, तेही मी ऐकलं नाही."

"हं," सिस्टर म्हणाल्या. मग बाजूला झाल्या. "या आत. खुर्ची एकच आहे. काकांना बसू द्या."

बाकीचे जमिनीवर बसले. धाकटीने उठून पाण्याचे पेले भरले, स्वतःच्या घरात भरावेत तसे. मग दादाने विचारलं, "सिस्टर, तुम्ही जवळ होता. तिला त्रास होत होता का? शेवटी?"

आत्याला वाटलं, आता ही बाई चार गोड शब्द सांगेल. सगळेच सांगतात.

"होत होता, काका," सिस्टर म्हणाल्या. "खोटं नाही सांगणार. छाती भरून यायची, तेव्हा फार व्हायचा. पण एक सांगते. सकाळी अंग पुसताना काकू मला म्हणायच्या, रात्री मी मुद्दाम जोरात श्वास घेते. ह्यांना ऐकू जायला हवा ना. नाहीतर म्हातारा झोपत नाही."

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

खाली रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचा आवाज लांब जाईपर्यंत येत राहिला. मग थोरला उठला, बापाच्या खुर्चीशेजारी येऊन बसला, आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवून तसाच राहिला.